आकाशातील गायरान

उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात व्याख्यान देण्याचा योग आला. विषय होता मराठेशाहीतील डाकेची व्यवस्था. म्हणजे जासूद, काशीद, सांडणीस्वार यांची हकीकत. व्याख्यान संपले, चहा आला, आणि एक गुरुजी कपबशी हातात घेऊन जवळ आले. म्हणाले, “सर, जुन्या जासुदांचं कळलं. आता आमच्या शाळेतल्या नव्या जासुदाचं सांगा. ग्रामपंचायतीतून इंटरनेटची जोडणी घेतली. दुकानदार म्हणाला, ही ‘वाय-फाय सहा’ची नवी पेटी. वर्गणी काढून तीच आणली. पहिले दोन दिवस झकास चाललं. आता तिसरीच्या वर्गात चित्रफीत लावली की इकडे सातवीचा पाठ मध्येच थिजतो. पेटी नवी, पैसे मोजून दिलेले, मग घोडं पेंड खातंय कुठं?”

त्या वेळी मी जे उत्तर दिले ते मलाच पटले नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्राचे पोट उघडून दाखवणे हे माझे काम नव्हे. परंतु घरी आल्यावर त्या पेटीचा इतिहास मी नेटाने वाचून काढला, आणि गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच दडलेले आहे असे दिसून आले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. इंटरनेट आणि वाय-फाय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नळयोजनेचे पाणी गावच्या टाकीतून आपल्या दारापर्यंत येते, तसे इंटरनेट तारेतून, काचतंतूतून किंवा मोबाईलच्या मनोऱ्यावरून घरापर्यंत येते. दारापासून पुढे खोल्याखोल्यांत ते हवेतून पोचवण्याची जी सोय, तिचे नाव वाय-फाय. ही सोय म्हणजे दुसरेतिसरे काही नसून रेडिओच आहे. फरक इतकाच की आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. येथे मात्र पेटीही बोलते आणि आपला फोनही उलट बोलतो. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. वाय-फायची जुनी लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी भरते साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. नवी लहर त्याच्याही निम्मी. लहर जितकी आखूड तितकी भिंत ओलांडताना तिची दमछाक अधिक, एवढे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता कथेला सुरुवात करतो. तिचा आरंभ पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर झाला. १९७० च्या सुमारास संगणक म्हणजे खोली भरून टाकणारे यंत्र. हवाई विद्यापीठाचा असा मोठा संगणक ओआहू बेटावर होता आणि विद्यापीठाच्या इतर शाखा दुसऱ्या बेटांवर. मध्ये समुद्र. टेलिफोनच्या तारा होत्या, पण महाग आणि भरवशाच्या नसलेल्या. तेथे नॉर्मन अब्रॅमसन नावाचे एक प्राध्यापक होते. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा या गृहस्थांना मोठा नाद. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांचा नाद सोडून रेडिओ लहरींवरून संगणकाशी बोलण्याची युक्ती काढली. जून १९७१ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली. हवाई भाषेतील रामरामाचा शब्द ‘अलोहा’, तेच तिचे नाव ठेवले.

या व्यवस्थेत गंमत अशी की सर्व बेटांना बोलण्यासाठी लहर एकच. मग कोणी केव्हा बोलायचे? अब्रॅमसन यांनी पाळी ठरवलीच नाही. ज्याला बोलायचे असेल त्याने खुशाल बोलावे. मुख्य संगणकाने संदेश मिळाल्याची पोच द्यावी. पोच आली नाही तर समजावे की दोघे एकदम बोलले आणि दोघांचेही संदेश फुकट गेले. मग थोडे थांबून पुन्हा सांगावे. पण किती थांबायचे? अरुंद बोळात दोन माणसे समोरासमोर येतात, दोघेही एकदम डावीकडे सरकतात, पुन्हा दोघेही एकदम उजवीकडे. तशी अवस्था व्हायची. म्हणून प्रत्येकाने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, मनाला येईल तितका निरनिराळा वेळ थांबावे असे ठरले. इतका साधा नियम! मात्र त्याची किंमतही होती. हिशेब केल्यावर असे दिसले की गर्दीच्या वेळी शंभरातला फार तर अठरा भाग वेळ खऱ्या बोलण्यात जातो, उरलेला टकरीत आणि वाट पाहण्यात.

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी या कल्पनेवरून तारेच्या जाळ्याचा शोध लावला आणि तिला एक शिस्त जोडली: बोलण्यापूर्वी कान द्यावा, कोणी बोलत असेल तर गप्प राहावे, बोलता बोलता टक्कर झालीच तर तत्काळ थांबावे. तारेवर हे जमते. हवेत मात्र एक अडचण येते. ढोल बडवणाऱ्याला शेजारची टाळी ऐकू येत नाही, त्याप्रमाणे स्वतः बोलत असलेल्या यंत्राला दुसऱ्याची टक्कर ऐकू येत नाही. म्हणून हवेतल्या यंत्रांना टक्कर झाल्यावर थांबणे जमत नाही, ती होऊ न देण्याचीच खटपट करावी लागते. पुढचा सारा इतिहास या खटपटीचा आहे.

परंतु बोलायला मुळात जागा हवी ना? रेडिओ लहरी ही सर्व देशांत सरकारच्या ताब्यातील मालमत्ता. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, आपल्याकडे एके काळी घरी नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात जाऊन भरावी लागे. मग कोणीही यावे आणि लहरी सोडाव्यात, हे कसे चालावे? येथे मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एक निर्णय घेतला. लहरींचे काही पट्टे असे होते की त्यांचा दूरसंदेशासाठी कोणालाच भरवसा वाटत नसे, कारण तेथे अन्न गरम करणाऱ्या सूक्ष्मलहरी भट्ट्या आणि कारखान्यांतील यंत्रे कालवा करीत असत. आयोग म्हणाला, या पडीक पट्ट्यांत थोड्या शक्तीने, दुसऱ्याला उपद्रव न देता, कोणीही विनापरवाना बोलावे. मात्र दुसऱ्याचा उपद्रव झाला तर तक्रार घेऊन आमच्याकडे येऊ नये.

हे वाचले आणि मला आपले गायरान आठवले. ज्या जमिनीत पीक येत नाही ती गावाने गुरांसाठी मोकळी ठेवलेली. मालक कोणी नाही, हक्क सर्वांचा. गायरान टिकते ते वहिवाटीवर. आणि गुरे वाढली की भांडणेही तेथूनच सुरू होतात. वाय-फायच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

या गायरानात पहिले पाऊल टाकणाऱ्यांत होती दुकानातले गल्ले तयार करणारी एक कंपनी, एन.सी.आर. मोठ्या दुकानांत मांडणी वरचेवर बदलते, आणि गल्ला हलवला की तारा उखडून पुन्हा बसवाव्या लागतात. ती कटकट टाळण्यासाठी नेदरलँड्समधील तिच्या शाखेने गल्ल्यांना बिनतारी जोडण्याचे यंत्र बनवले. पण प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकाचे दुसऱ्याला कळणार कसे? म्हणून सर्वांसाठी एक भाषा ठरवणे आले. विद्युत अभियंत्यांच्या ‘आय ट्रिपल ई’ या जागतिक संस्थेने त्यासाठी समिती नेमली आणि तिला क्रमांक दिला ८०२.११. एन.सी.आर.च्याच व्हिक हेझ यांनी १९९० पासून दहा वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. एकमेकांचे धंद्यातले वैरी एका टेबलाभोवती बसवून एकमत घडवायचे, हे काम सोपे नव्हते. अखेर १९९७ मध्ये पहिले मानक निघाले. वेग सेकंदाला फार तर २ मेगाबिट, म्हणजे वीस लाख ठिपक्यांचा. आज त्यावर एक चित्रफीतसुद्धा धड चालणार नाही.

१९९९ मध्ये त्याचे दोन धाकटे भाऊ जन्मले. एक जुन्या पट्ट्यात ११ मेगाबिटने चालणारा, दुसरा नव्या पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ५४ मेगाबिटने चालणारा. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी न्यूयॉर्कच्या सभेत हातातला चालू संगणक एका मोठ्या कड्यातून आरपार फिरवून दाखवला. तार कोठेही नाही हे लोकांना पटावे म्हणून! जादूगाराचाच खेळ तो. ‘वाय-फाय’ हे नावही त्याच वर्षीचे. ते कशाचेही संक्षिप्त रूप नाही. उत्तम आवाजाच्या यंत्रांना ‘हाय-फाय’ म्हणत, त्याच्याशी यमक जुळवून नावे शोधणाऱ्या एका संस्थेकडून ते करवून घेतले होते.

आता जरा थांबून या ५४ च्या वेगाचे रहस्य पाहू, कारण तेथे या कथेतला सर्वांत रंजक भाग आहे.

आपण विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल. वरच्या सज्जात उभे राहून एक शब्द उच्चारला की तो पुन्हा पुन्हा घुमत परत येतो. तेथे कोणी भरभर भाषण करू लागला तर काय होईल? पहिल्या शब्दाचा घुमारा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, सगळा गलबला. घरातल्या रेडिओ लहरींचे असेच होते. त्या भिंतींवर, पत्र्यावर, कपाटावर आपटून अनेक वाटांनी थोड्या थोड्या उशिराने फोनपर्यंत पोचतात. जितके भरभर बोलावे तितका घुमारा अधिक घातक. यावर उपाय एकच दिसतो: सावकाश बोलणे. पण मग वेग कसा वाढणार?

ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसलिव्हन नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचा व्यासंग खगोलशास्त्राचा. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये कल्पना मांडली होती की लहानशी कृष्णविवरे अखेरीस फुटून नाहीशी होत असावीत. त्या स्फोटांचे रेडिओ स्पंद आकाशात सापडतात का, याचा शोध ओसलिव्हन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० नंतरच्या दशकात घेतला. स्पंद काही सापडले नाहीत. परंतु विस्कटून आलेली लहर गणिताने पुन्हा सरळ कशी करावी याचा सराव झाला. तोच सराव त्यांच्या गटाने पुढे घुमाऱ्याच्या प्रश्नावर वापरला. युक्ती अशी. एकाने भरभर बोलण्याऐवजी पन्नास जणांना निरनिराळ्या सुरांत एकदम, पण अगदी सावकाश बोलू द्यायचे. प्रत्येकाचा बोल इतका लांबवायचा की पुढचा बोल सुरू होण्यापूर्वी आधीचा घुमारा विरून जावा. बोल पन्नास, म्हणून एकंदर वेग मोठाच. प्रत्येक बोल सावकाश, म्हणून गलबला नाही. १९९९ च्या त्या ५४ मेगाबिटच्या मानकात अशा ५२ बारीक लहरी एकत्र चालतात. एक लहर अनेकांत वाटण्याची कल्पना मुळात त्यांची नव्हे, ती आधीची. घरातल्या घुमाऱ्याशी ती कशी भिडवावी हे मात्र त्यांच्या गटाने १९९२ च्या स्वामित्वपत्रात मांडले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांशी न्यायालयात भांडून या संस्थेने त्यापोटी चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम वसूल केली. न सापडलेल्या स्पंदांची ही कमाई!

घुमाऱ्यावर मात झाली. परंतु त्याला कामाला जुंपण्याचे श्रेय ज्या दोघांकडे जाते त्यांच्याशी महाराष्ट्राचा संबंध आहे. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातील एका मल्याळी कुटुंबातला. शिक्षण पुण्यातच; १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात नामांकित प्राध्यापक झाले. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज. तामिळनाडूतील पोल्लाचीचे. कोवळ्या वयात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, नौदलाच्या लोणावळ्याच्या महाविद्यालयात अभियंता झाले. १९७१ च्या युद्धात आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. त्यानंतर पाण्याखालचे आवाज टिपून पाणबुडी हुडकणारे यंत्र सुधारण्याचे काम पॉलराज यांच्याकडे आले. पुढे कोचीच्या प्रयोगशाळेत ‘अप्सोह’ हे नव्या घडणीचे भारतीय यंत्र त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. पाण्यातले प्रतिध्वनी ऐकण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेला हा माणूस १९९१ मध्ये नौदलातून निवृत्त होऊन कैलाथ यांच्याकडे स्टॅनफर्डला गेला.

तेथे जवळजवळ असलेल्या दोन प्रक्षेपकांचे मिसळलेले संदेश अनेक आकाशतारांच्या साह्याने वेगळे करण्याचे प्रयोग चालू होते. पॉलराज यांच्या ध्यानात आले की लहरी इकडेतिकडे आपटून विखुरतात तेथे हे संदेश अधिक सहज वेगळे होतात! विचार केला तर यात नवल नाही. अंधारात दोन माणसे बोलत असली तरी आपल्या दोन कानांना त्यांतला फरक कळतो, कारण प्रत्येकाचा आवाज दोन्ही कानांवर निराळ्या तऱ्हेने येतो. भिंतींमुळे हा निराळेपणा वाढतो. तेव्हा एकाच पेटीला दोन-चार तोंडे आणि फोनला दोन-चार कान द्यावेत, प्रत्येक तोंडातून निराळा संदेश एकाच लहरीवर एकाच वेळी सोडावा, आणि पलीकडे गणिताने ते वेगळे करावेत. १९९२ मध्ये या दोघांनी स्वामित्वपत्रासाठी अर्ज केला, १९९४ मध्ये ते मिळाले. हे व्यवहारात उतरेल यावर आरंभी फारसे कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. बेल प्रयोगशाळेतही पुढे याच दिशेने स्वतंत्र काम झाले आणि मग जगाची खात्री पटली. २००९ च्या मानकात ही युक्ती आली आणि कागदावरचा वेग ५४ वरून ६०० मेगाबिटवर गेला. आपल्या पेटीला दोन-चार शिंगे असतात ती शोभेची नव्हेत, ती याच कारणासाठी.

त्यानंतरच्या वेगाच्या शर्यतीबद्दल फार बोलत नाही. २०१३ च्या मानकाने नव्या पट्ट्यात रस्ता रुंद केला आणि अक्षर बारीक केले. बारीक म्हणजे काय, तर पोस्टकार्डावर जागा वाचवण्यासाठी आपण किरट्या अक्षरात लिहितो तसे. एका झटक्यात ओळखू यायच्या खुणा २५६ झाल्या, पुढे १,०२४, आणि आता ४,०९६. पण किरटे अक्षर दिव्याजवळ बसूनच वाचता येते. फोन दोन भिंतींपलीकडे गेला की पेटी आपोआप मोठ्या अक्षरात लिहू लागते आणि वेग उतरतो. खोक्यावर छापलेला आकडा हा दिव्याखाली बसलेल्याचा आकडा आहे.

आणि मधल्या काळात गायरान भरून गेले. जुन्या पट्ट्याची एकंदर रुंदी ८३.५ मेगाहर्ट्‌झ, एकमेकांना न घासता तेथे जेमतेम तीन वाटा निघतात. शहरातल्या एका चाळीवजा इमारतीत वीस-पंचवीस पेट्या असतात. सर्वांना तीनच वाटा. त्यातून अब्रॅमसन यांच्या काळापासूनची रीत अशी की मोठा संदेश असो की ‘पोचलो’ एवढा एक शब्द, प्रत्येकाने स्वतंत्र पाळी धरायची, स्वतंत्र थांबायचे. शिवाय जुने, मंद यंत्र बोलायला लागले की त्याचे बोलणे संपेपर्यंत इतर सर्व ताटकळत. घाटात ओझ्याने वाकलेली एक मालमोटार पुढे असली की मागच्या चाळीस गाड्यांची जी गत, तीच.

समितीला हे दिसत होते. तिच्या कार्यगटांची नावेच पाहा. २००९ च्या गटाचे नाव ‘अधिक वाहतूक’ अशा अर्थाचे, २०१३ च्याचे ‘फारच अधिक वाहतूक’. पण त्यानंतरच्या गटाने नाव घेतले ‘उच्च कार्यक्षमता’. तेच हे ‘वाय-फाय सहा’. सामान्य माणसाला अक्षरे नि दशांश चिन्हे लक्षात राहत नाहीत म्हणून २०१८ मध्ये असे सोपे क्रमांक दिले गेले. २०१९ पासून या क्रमांकाची प्रमाणित यंत्रे बाजारात आली आणि मानकावर अंतिम मोहोर २०२१ मध्ये उमटली.

याची मुख्य नवलाई काय? कालव्याच्या पाण्याचीच उपमा घेऊ. पूर्वी पाळी ज्याची त्याला सगळे पाणी. मग त्याचे शेत असो की परसातला वाफा. वाफेवाला दोन मिनिटांत भिजवून मोकळा होई, पण दार उघडा, दार मिटा यातच वेळ जाई. ‘वाय-फाय सहा’मध्ये पेटी पाटकरी झाली. एकाच पाळीत ती पाटाच्या बारीक सऱ्या पाडते आणि नऊ जणांना एकदम, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे पाणी सोडते; वाट रुंद असेल तर त्याहून अधिक जणांना. ही रीत मोबाईलच्या मनोऱ्यांनी आधीच अंगीकारली होती. गायरानात ती उशिरा आली. आणखी एक सोय अशी की शेजारच्या पेटीच्या बोलण्याला निराळ्या रंगाची खूण असते. ते बोलणे दुरून, क्षीण ऐकू येत असेल तर आपली पेटी त्याच्यासाठी थांबून राहत नाही. लहान उपकरणांना ती पाळीची वेळ आधीच सांगून ठेवते. तोवर ती झोपी जातात आणि त्यांची बॅटरी टिकते.

‘वाय-फाय सात’चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट. आजवर फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर चाले. पट्टा तुंबला की तोही तुंबे. आता एकच यंत्र दोन पट्ट्यांवर जोडलेले राहू शकते. तालुक्याला जायला गावाहून दोन रस्ते असावेत, ओढ्याला पूर आला तर डोंगराकडून जावे, तसे. आणि ज्या पुढल्या मानकाचे काम समितीने हाती घेतले आहे, त्याच्या गटाच्या नावात वाहतुकीचा शब्दही नाही. त्याचे नाव आहे ‘अतिउच्च विश्वासार्हता’.

जागेचे म्हणाल तर भारत सरकारने जुना पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला, पाच गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये. अमेरिकेने सहा गिगाहर्ट्‌झमध्ये १,२०० मेगाहर्ट्‌झ एवढे मोठे रान २०२० मध्ये मोकळे केले. आपल्याकडे त्यातला खालचा ५०० मेगाहर्ट्‌झचा भाग मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पट्ट्यावर मोबाईल कंपन्यांचीही नजर आहे. गायरानाभोवती कुंपण घालू पाहणारे नेहमीच असतात. आणि या गायरानाचा उपयोग फक्त शहरी बंगल्यांना आहे असे समजू नका. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पात पालघर भागातील गावे अशाच विनापरवाना लहरींनी जोडून दाखवली. तारा ओढण्याचा खर्च जेथे परवडत नाही तेथे ही फुकट जागाच कामी आली.

गुरुजींचे राहिले. दूरध्वनीवरून मी त्यांना एकच परीक्षा सांगितली: संगणक पेटीला तारेने जोडा आणि वेग मोजा, मग वर्गात बसून हवेतून मोजा. तारेवरच वेग कमी असेल तर दोष टाकीत येणाऱ्या पाण्याचा; मग जगातली कोणतीही नवी पेटी आणा, उपयोग नाही. त्यांचे आकडे आले: तारेवर ४०, सातवीच्या वर्गात ३. म्हणजे दोष हवेतला. चौकशीअंती कळले की चोरीच्या भीतीने पेटी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद होती! लोखंड लहरींना जवळजवळ अडवतेच. जी काही फटीतून बाहेर पडे, ती दोन दगडी भिंती ओलांडून सातवीत जाई. शिवाय तिसरीच्या वर्गातल्या पाट्या दहा वर्षांपूर्वीच्या, फक्त जुना पट्टा जाणणाऱ्या. ‘वाय-फाय सहा’च्या सऱ्या पेटी आणि फोन दोघेही त्या मानकाचे असतील तरच पडतात. जुन्याशी पेटी जुन्याच रीतीने बोलते. १९९९ पासूनची ही सोयही आहे आणि ओझेही.

पेटी आता मधल्या व्हरांड्यात, कपाटाबाहेर, उंच फळीवर आहे. सातवीच्या वर्गापर्यंत एक तार ओढून तेथे दुसरी लहान पेटी बसवली आहे. ती पाच गिगाहर्ट्‌झवर चालते. जुन्या पाट्या जुन्या पट्ट्यावर राहिल्या. परवलीचा शब्दही बदलून घेतला, कारण तो अर्ध्या गावाला पाठ होता असे निष्पन्न झाले. पाठ थिजत नाही असे गुरुजी सांगतात. फळीवर मांजर चढून बसते, एवढी तक्रार मात्र शिल्लक आहे. पेटी उबदार असते ना.